देवराईतली तार आणि भगताचा गाल

ते प्रकरण आजही आठवलं की मला आधी हसू येतं, आणि मग मी कुणी पाहत नाही ना, म्हणून आजूबाजूला बघतो. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा आठवून हसणं पोलिसाला शोभत नाही, निवृत्त पोलिसालाही नाही. पण तुम्ही शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा. नावं कुणाचीच सांगणार नाही, गावाचंही नाही. त्या गावातले लोक हे वाचतील आणि गालातल्या गालात हसतील, तेवढं पुरे.

नगरबाहेरच्या माणसाला आपला जिल्हा म्हणजे ज्वारी, ऊस आणि उन्हाळा एवढाच माहीत असतो. मीही त्याच भागात नोकरी केली. श्रीरामपूरला बाजारातले पाकीटमार पकडले, कर्जतला बांधावरून डोकी फुटलेली पाहिली. नोकरीच्या शेवटाला माझी बदली अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका छोट्या ठाण्यात प्रभारी म्हणून झाली. केडगावला आमच्या कॉलनीत लोकांनी बायकोकडे चौकशी केली, "साहेबांचं काही बिनसलं का वरच्यांशी?" बिनसलं काही नव्हतं. तिथं गेल्यावर कळलं की एवढी वर्षं मी जिल्ह्याच्या चुकीच्या टोकाला घालवली होती. दऱ्या अशा की दुपारीही खाली ऊन पोचत नाही. हिरडा, बेहडा, जांभूळ, करवंदीच्या जाळ्या, आणि त्यांतून खाली धरणाच्या पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या जुन्या पायवाटा.

या पायवाटांवर शहरातल्या सायकलवाल्यांची नजर पडली. सायकल म्हणजे तुमच्या-माझ्या लहानपणची, घंटी आणि स्टँड असलेली नव्हे. जाड टायरची, पुढे स्प्रिंग असलेली. हे लोक ती सायकल घेऊन जीपने डोंगरावर जातात आणि दगडधोंड्यांतून, झाडांच्या मुळ्यांवरून खाली येतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कुणी पाठलाग करतंय. नाही. हौस होती.

गावाला ती हौस पावली. खिंडीपासून खालच्या पाण्यापर्यंतची एक वाट लोकांनी साफ करून दिली. सुट्टीच्या दिवशी नगरहून, पुण्याहून मंडळी येऊ लागली. चार घरांतून पिठलं-भाकरीचं जेवण मिळू लागलं. फक्त एक अडचण होती. ती वाट मधे थोडा वेळ देवराईतून जात होती.

देवराई म्हणजे देवाचं राखीव रान. तिथली काडी कुणी मोडत नाही, पायात वहाण घालून कुणी शिरत नाही. तिथला भगत पंचाहत्तरीकडे झुकलेला, पण उसाचं कांडं दाताने सोलणारा. आख्खा डोंगर त्याच्याकडे दुखणी घेऊन जायचा. कुणाची कंबर धरली, कुणाच्या मुलाला ताप, आणि विशेष म्हणजे कुणाची दाढ दुखली, तर भगत मुळी द्यायचा, वर अंगारा लावायचा. दाढेवरचा त्याचा हात नावाजलेला होता.

या भगताने ग्रामसभेत सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं, "द्येवाच्या रानात चाक घालाल तर द्येव खाली पाडील. मानगूट मोडंल. मग माज्याकडं येऊ नगा."

सभेला तेव्हा आमचा बीट हवालदार हजर होता. त्याने स्टेशन डायरीत नोंदही केली होती. एका म्हाताऱ्याचा राग म्हणून मी ती वाचली आणि पान उलटलं.

दिवाळीनंतरच्या थंडीत एका सकाळी फोन आला. नगरच्या एका सायकल ग्रुपचा प्रशिक्षक देवराईत पडला होता. खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं, हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. आणि तो अपघात नव्हता. वाटेवर कुणीतरी छातीच्या उंचीवर तार बांधली होती.

मी जागेवर पोचेपर्यंत त्या तारेचा व्हिडिओ माझ्या बायकोपर्यंत केडगावला पोचला होता. ग्रुपमधल्या एका मुलीने चित्रीकरण केलं होतं. गंजकी तार, झाडाचं खोड, खाली आडवी पडलेली सायकल, आणि मागून आवाज, "ही माणसं आहेत की राक्षस?" संध्याकाळपर्यंत ग्रामसभेतली भगताची धमकीही त्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहून टाकली. एका अनोळखी नंबरवरून ठाण्यात फोन आला, "भगताला उचला, दुसरा कुणी नाही." नंबर तपासला तर निघाला गावातल्याच एका जेवणवाल्याचा. सायकलवाले येणं बंद होईल या भीतीने बिचाऱ्याने घाईघाईत एक आरोपी सुचवला होता.

फिर्याद दाखल झाली. खुनाचा प्रयत्न. छातीऐवजी गळ्याच्या उंचीवर तार असती तर काय झालं असतं, हे मलाही दिसत होतं, त्यामुळे कलम लावताना मी मागेपुढे पाहिलं नाही.

पंचनामा मी स्वतः केला. तिथं दोन गोष्टी मला खटकल्या. तारेचं एक टोक खोडात होतं, पण बांधलेलं नव्हतं. झाडाची साल त्यावर वाढली होती. कधीकाळी गुरं आत शिरू नयेत म्हणून गावानेच ओढलेल्या कुंपणाची ती तार, झाडाने निम्मी गिळलेली. दुसरं टोक मोकळं पडलं होतं. ग्रुपचं म्हणणं, धडकेने सुटलं. दुसरी गोष्ट शेण. वाटेवर गुरांच्या खुरांचे ताजे ठसे होते, ताजं शेण होतं आणि शेणावरून सायकलच्या चाकाची लांबट घसरलेली खूण होती. म्हणजे सायकलच्या थोडंच आधी याच वाटेने गुरं गेली होती. गाय छातीच्या उंचीवरच्या तारेखालून वाकून जात नाही. तेव्हा तार कुणी ताणली असेल तर ती गुरं गेल्यावर आणि सायकल येण्याआधी, अगदी थोड्या वेळात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे मनात घोळवत ठाण्यात आलो तर बाकावर भगत बसलेला. आम्ही बोलावलं नव्हतं. त्या वयाच्या माणसाला आम्ही ठाण्यात बोलावतही नाही, जबाब घ्यायला आम्हीच घरी जातो. हा आपणहून आला होता. अंगावर घोंगडी, आणि डोक्यावरून हनुवटीखाली घट्ट आवळून बांधलेलं फडकं.

"काय काम काढलंत, बाबा?"

"मला आत घाला, सायब."

"कशासाठी?"

"त्यो सायकलवाला पडला नव्हं का. आमीच पाडला."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

"द्येव आन् मी."

आमच्या हवालदाराने लिहिता लिहिता पेन थांबवलं. हा हवालदार पोट सुटलेला, मिशा भरघोस, आणि कायद्याच्या बाबतीत अत्यंत काटेकोर. तो गंभीरपणे म्हणाला, "साहेब, सहआरोपीचा पत्ता काय लिहू?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो विनोद करत नव्हता.

भगताला आत घेऊन बसलो. पोलिसापुढची कबुली न्यायालयात टिकत नाही, हे मला माहीत होतं. पण कबुली ऐकताना माणूस कळतो.

"तार कुठून आणली, बाबा?"

"द्येवाला तार लागती व्हय?"

"मग कशाने पाडलं?"

"ते मी कसं सांगू? मी निस्ता बोल्लो. केलं त्यानं."

"तुम्ही त्या वेळी होता कुठं?"

इथं भगत पहिल्यांदा थांबला. घोंगडी सारखी केली. मग म्हणाला, "हुतो म्हंजी हुतो. जिथं द्येव तिथं मी."

चहा आला. त्याने तो बशीत ओतला, पार गार होऊ दिला आणि मान वाकडी करून तोंडाच्या एका बाजूने ओढला. मी विचारलं, "फडकं कसलं बांधलंय?" तर म्हणे, "थंडी हाय." थंडी होती खरी. पण कान मोकळे होते. गाल तेवढा झाकलेला होता.

एव्हाना वरून फोन सुरू झाले होते. एका वरिष्ठांनी विचारलं, "अहो, आरोपी ठाण्यात येऊन कबुली देतोय आणि तुम्ही अटक करत नाही?"

"साहेब, कबुलीत देवाचंही नाव आहे."

"कोण देव? पूर्ण नाव सांगा."

मी ते संभाषण पुढे नेलं नाही. पण मुदत मिळाली ती दुसऱ्या दिवसापुरतीच. त्यानंतर भगताला अटक दाखवायची, न्यायालयात उभं करायचं, आणि मग त्याचं वय, तो डोंगर, ती देवराई हे सगळं नाशिकच्या किंवा नगरच्या कोठडीच्या भिंतीबाहेर राहणार. तो आत जायला इतका राजी होता की मलाच भीती वाटू लागली. माणूस स्वतःला वाचवत असेल तर पोलिसाला काम सोपं असतं. हा देवाला वाचवत होता. "मी केलं नाही" म्हणाला असता तर "देवाने केलं" हेही खोटं पडलं असतं, आणि इतक्या वर्षांचा त्याचा बोल गावासमोर रिकामा ठरला असता.

दुपारी त्याची सून डबा घेऊन आली. तिशीतली, कामाने रापलेली, तरतरीत बाई. सायकलवाल्यांना जेवण देणाऱ्या चार घरांत तिचंही एक घर. म्हणजे सासरा सायकलींच्या विरोधात आणि सून त्यांच्यासाठी भाकऱ्या थापणारी, एकाच चुलीवर. आमच्या नियमाप्रमाणे डबा उघडून पाहिला. आत होती तांदळाची पातळ पेज. भाकरी नाही, चटणी नाही, लोणच्याची फोडही नाही.

"ताई, उसाचं कांडं सोलणाऱ्या माणसाला पेज?"

तिने पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघितलं. खोटं न येणारी माणसं आधी खिडकीकडे बघतात, हे मी बऱ्याच वेळा पाहिलंय.

"बरी आसती पेज. थंडीची."

"तुमच्या मामंजींना उद्या अटक होणार आहे. साधंसुधं कलम नाही."

तिने डब्याचं झाकण लावलं. मग दाराशी कुणी नाही असं बघून खाली बसली.

"सायब, सांगते. पर मी सांगितलं आसं कुटं येऊ देऊ नगा. मामंजी मला घरात ठिवायचे न्हाईत."

"नाही येणार."

"त्या दिशी मामंजी डोंगरावं नव्हतेच. सकाळच्या जीपनं तालुक्याला गेल्ते." तिने आवाज अजून खाली आणला. "दाढ काढाया."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. "काय काढायला?"

"दाढ वो! लई दिस ठणकत हुती. सोताची मुळी लावली, सोताचा आंगारा लावला, काय बी फरक न्हाई. शेवटाला गेले डाक्टरकडं. आन् आता तुमीच सांगा, आख्खा डोंगर ज्याच्याकडं दाढ घिऊन येतो, त्योच डाक्टरच्या खुर्चीत आऽऽ करून बसला, हे कळलं तर?"

माझं सगळं बळ चेहरा सरळ ठेवण्यात चाललं होतं.

"आणि त्या सकाळी गुरं?"

"गुरं मीच न्हेली त्या वाटंनं. सायकलींच्या म्होरं. तार बिर काय न्हवती बघा."

मी साध्या कपड्यांत तालुक्याला गेलो. एसटी स्टँडच्या मागे, जिना चढून, दातांच्या तरुण डॉक्टरांचा दवाखाना. मी भगताचं वर्णन केलं, तोच ते हसायला लागले.

"ते बाबा? विसरेन कसा! टोपी डोळ्यांवर ओढून आले. दाढ काढल्यावर ती परत मागून घेतली, आणि जाताना विचारलं, मागल्या बाजूला दार हाय का? आमच्याकडे मागचं दार फक्त कचऱ्यासाठी आहे. तिथूनच गेले."

दवाखान्याच्या वहीतली वेळ सांगत होती, सायकलवाला देवराईत पडला, तेव्हा भगत त्या खुर्चीत होता. डोंगर आणि तालुका यांच्यातलं अंतर कुठलाही देव, निदान साक्षीपुराव्यात, पुसू शकत नव्हता. म्हातारा सुटला. पण माझ्यासमोर आता भलताच प्रश्न उभा राहिला. मग तार ताणली कुणी? गुरं आणि सायकल यांच्यातल्या त्या टीचभर वेळात?

याचं उत्तर दिलं आमच्या हवालदाराने. स्वतःच्या नाकाची किंमत देऊन.

मुद्देमालातली सायकल ठाण्याच्या ओट्यावर ठेवलेली होती. तिचा रुबाब असा की आमची सरकारी जीप तिच्या शेजारी लाजत होती. मी तालुक्याहून परतलो, तेव्हा हवालदार कागद घेऊन तिच्याभोवती फिरत होता.

"साहेब, मुद्देमालाच्या वर्णनात ब्रेकची स्थिती लिहायची राहिलीय. चालतात की नाही ते बघतो."

"बघा. जपून."

"साहेब, मी बेलापूरच्या रस्त्याने रोज सायकलवर शाळेत गेलोय."

आमच्या ठाण्याच्या आवाराला फाटकाकडे थोडा उतार आहे. फाटकाच्या अलीकडे वाळूचा एक मोठा ढीग होता, अवैध उपशातली जप्त वाळू. आपल्या जिल्ह्यात वाळूचा ढीग नसलेलं ठाणं तुम्हाला क्वचितच दिसेल. हवालदार सायकलवर बसला. खाकी वर्दी, भरघोस मिशा, खाली ते परदेशी यंत्र. उतारावर सायकलने वेग घेतला. फाटकातून एक कोंबडी आत आली. हवालदाराने आयुष्यभर जसा दाबला तसा, मागचा म्हणून, डाव्या हाताचा ब्रेक दाबला.

पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. हवालदार थांबला नाही. तो हँडलवरून सरळ हवेत गेला आणि जप्त वाळूत नाकावर उतरला. कोंबडी फाटकातून परत गेली.

आम्ही सगळे धावलो. तो उठून बसला, मिशांतली वाळू झटकली, आणि त्या अवस्थेतही काटेकोरपणे म्हणाला, "साहेब, नोंद घ्या. ब्रेक उलटे आहेत."

मी सायकलजवळ गेलो. आपल्याकडच्या सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, डाव्या हाताला मागचा. मोटारसायकलीलाही उजव्या हाताला पुढचाच. हात तसेच घडलेले असतात. या बाहेरून आलेल्या सायकलीला ते अगदी उलट होतं. डावा ब्रेक पुढच्या चाकाचा. आणि तो इतका तल्लख, की बोटाने स्पर्श केला तरी चाक जागेवर गच्च.

मी आत गेलो आणि ग्रुपच्या मुलांचे जबाब पुन्हा वाचले. प्रत्येकाने एक गोष्ट सांगितली होती, जिच्याकडे आम्ही लक्ष दिलं नव्हतं. सर त्या दिवशी नवीन सायकल पहिल्यांदाच घेऊन आले होते. आणि उतार सुरू होण्याआधी त्यांनी सगळ्यांना थांबवून बजावलं होतं, उतारावर पुढचा ब्रेक जोरात दाबायचा नाही, नाहीतर हँडलवरून जाल. मग मी सरकारी डॉक्टरांना फोन लावला. पेशंटच्या छातीवर तारेचा वळ? नाही, साधा ओरखडाही नाही. आम्हाला वाटलं जाड जॅकेटमुळे असेल.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाला निरोप पाठवला, सायकल परत घेण्याबाबत बोलायचं आहे, या. तो आला. चाळिशीचा, सडपातळ, हात गळ्यात अडकवलेला. बोलण्यात शिकवायची सवय.

"सर, सायकल आज मिळेल ना?"

"कागदपत्रं झाली की मिळेल. आधी आमच्या हवालदारांना भेटा."

हवालदार पुढे आला. नाकावर भलीमोठी पट्टी.

"बाप रे! काय झालं?"

"तुमच्या सायकलवरून पडले," मी म्हणालो. "काल. इथंच."

"कसे काय?"

"तेच तुम्हाला विचारायचं होतं, सर. आवारात तर तार नव्हती."

चौकशीत पोलिसाला सगळ्यात अवघड जाणारं काम गप्प बसण्याचं असतं, आणि मला बोलायची किती आवड आहे हे तुम्हाला एव्हाना कळलंच आहे. पण मी गप्प बसलो. प्रशिक्षकाची नजर ओट्यावरच्या सायकलीकडे गेली, तिच्या हँडलच्या डाव्या बाजूवर थांबली आणि खाली आली.

"सर, दार लावता का?"

मी दार लावलं.

"वळणावर शेण होतं. चाक सरकलं. मी डावा दाबला." तो हळूहळू बोलत होता. "पाचच मिनिटांपूर्वी मी त्यांना सांगत होतो की कसं पडायचं नाही. आणि मी सगळ्यांच्या पुढे जाऊन तसाच पडलो. मुलं मागून आली. 'सर, काय झालं?' समोर ती तार दिसली. मी फक्त 'तार' म्हणालो. एवढंच."

"एवढंच?"

"बाकी त्यांनीच केलं. एकाने तार उचलून धरली, एका मुलीने व्हिडिओ काढला, कुणी गावातून भगताचं बोलणं ऐकून आलं. मग फिर्याद द्यायला माझ्यापुढे कागद आला. मागे फिरता येईना."

"एक म्हातारा कोठडीत जाणार होता, हे माहीत होतं?"

त्याने मान खाली घातली. आणि मग तो जे बोलला, ते मी माझ्या पूर्ण नोकरीत दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

"सर, त्यांनी कबूल केलंय असं मला कळलं. तेव्हा मलाच वाटायला लागलं, की खरंच तार असेल. मी पडलो ते तिच्यामुळेच असेल. काल रात्रीपर्यंत मला तसंच वाटत होतं."

त्याने पुरवणी जबाब दिला. अहवाल न्यायालयात गेला, भगतावरचा गुन्हा निकाली निघाला, आणि खोट्या फिर्यादीबद्दल कायद्याने जे सोसायचं ते प्रशिक्षकाने निमूट सोसलं. पण त्याआधी मी त्याला एक काम सांगितलं, जे कुठल्याच कायद्यात नाही. गावात येऊन हे सगळ्यांसमोर सांगायचं.

त्यापूर्वी मला भगताला गाठायचं होतं. घरी गेलो. तो ओसरीवर एकटाच होता. फडकं सुटलेलं, गालाची सूज उतरलेली.

"बाबा, तुमच्यावरचा गुन्हा मिटला. तुम्ही तिथं नव्हता."

"मी कुटं बी आसलो तरी द्येव..."

"बाबा, दाढ कुठं ठेवलीत?"

त्याचा हात आपोआप कंबरेच्या कनवटीकडे गेला आणि तिथंच थबकला. चेहरा बघण्यासारखा झाला. मोठा मानी माणूस एकदम लहान दिसायला लागला, आणि मला वाटलं, आपण उगीचच विचारलं.

"सायब," तो अगदी हळू म्हणाला, "गावात..."

"गावात काही कळणार नाही. तुम्ही कामानिमित्त तालुक्याला गेला होता, एवढंच कागदावर आहे. पण तुम्हीही देवाचं नाव आता गुन्ह्यातून काढा."

तो विचारात पडला. "काढतो," म्हणाला. पण त्याच्या डोळ्यांत एक चमक होती, ती मला तेव्हाच ओळखता यायला हवी होती.

देवराईच्या काठावर गाव जमलं. ग्रुपची मुलं होती, सून होती, नाकावर पट्टी लावून हवालदार होता. प्रशिक्षक पुढे झाला. गळ्यात हात, आवाज कापरा, पण बोलला.

"इथं कुणी तार बांधली नव्हती. मी स्वतःच्या चुकीने पडलो. चुकीचा ब्रेक दाबला. बाबांचा काही संबंध नाही. मी खोटं बोललो."

लोक कुजबुजले. ती व्हिडिओवाली मुलगी जमिनीकडे बघत राहिली. सगळ्यांच्या नजरा भगताकडे वळल्या. तो पुढे आला, प्रशिक्षकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मोठ्या आवाजात विचारलं, "चुकीचा बिरेक दाबलास?"

"हो, बाबा."

"आन् चुकीचा बिरेक दाबायची बुद्धी तुला दिली कुनी?"

पूर्ण गाव हसलं. प्रशिक्षकही हसला, आणि हसताना हासळीवर हात दाबून कळवळला. देवाची इज्जत राहिली, भगताचा बोल राहिला, आणि माझ्या गुन्ह्यातून सहआरोपीचं नाव निघालं. त्याच दिवशी गावाने आणि सायकलवाल्यांनी मिळून वाट बदलली. आता ती देवराईला बाहेरून वळसा घालून खाली जाते. ते वळण जुन्या वाटेपेक्षा कठीण आहे, म्हणून सायकलवाल्यांना ते जास्तच आवडतं. तिथं उतार सुरू होण्याआधी प्रशिक्षक सगळ्यांना थांबवतो आणि आधी स्वतःची फजिती सांगतो, मग ब्रेक शिकवतो.

मला या प्रकरणाने काय शिकवलं? भीतीने खोटं बोलणारी माणसं मी नोकरीभर पाहिली होती. त्यांना दरडावलं, समजावलं, चहा पाजला की ती मोकळी होतात, कारण भीती धरून ठेवायची माणसाला हौस नसते. लाजेने खोटं बोलणारा वेगळा. तो कोठडीत जायला तयार होतो, दुसऱ्याला कोठडीत जाऊ द्यायला तयार होतो, पण चार लोकांत आपण कसे दिसू हे सोडायला तयार होत नाही. अशा माणसाला दरडावून काही निघत नाही. त्याला पडलेल्या जागेवरून उठायला थोडी आडोशाची जागा द्यावी लागते. एकासाठी मी दार लावलं, दुसऱ्याची दाढ कागदावर येऊ दिली नाही. बाकी सगळं त्यांनीच केलं.

निवृत्त झाल्यावर गेल्या हिवाळ्यात बायकोला ते रान दाखवायला घेऊन गेलो. भगताच्या घरी जेवलो. सुनेने भाकरी वाढली आणि मी ती एकाच बाजूने चावू लागलो. म्हाताऱ्याच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"दाढ हाय, सायब?"

"हो, बाबा. आठवडाभर ठणकतेय. तुमची मुळी द्या ना."

भगताने सुनेकडे पाहिलं, ती चुलीपाशी होती. बायकोकडे पाहिलं, ती अंगणात झाडं बघत होती. मग तो सरकून माझ्या कानाशी आला.

"मुळी चांगली हाय," तो म्हणाला. "पर तुमी आसं करा. यष्टी ष्टँडच्या मागं, जिन्यानं वर. पोराचा हात लई हलका हाय." जरा थांबून त्याने पुन्हा इकडंतिकडं पाहिलं. "आन् येताना मागल्या दारानं या."